भित्रीची लांब उडी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणाची फसगत व्हायला नको. लांब उडी मारणारी बाई म्हटली की लोकांना वाघाचं काळीज वगैरे आठवतं. सत्काराच्या भाषणात तसं बोलतातही. मी खुर्चीत बसून हार सांभाळत असते आणि त्याच वेळी मांडवाचा खांब नीट पुरलाय की नाही ते बघत असते. कुत्रा, वीज, लिफ्ट, इंजेक्शन, अवेळी वाजलेला फोन, या सगळ्यांना मी भिते. धावायला लागले तीसुद्धा भीतीनेच. पेणच्या शाळेच्या स्पर्धेत कानाजवळ पिस्तूल वाजलं, मी दचकले आणि जीव घेऊन पळाले. थांबले तेव्हा बाकीच्या मुली बऱ्याच मागे होत्या. दोन शिक्षकांनी धावत येऊन पाठीवर थापा मारल्या, तर मला वाटलं काहीतरी चुकलं म्हणून मार पडतोय.

उडीचंही तसंच. आमचं गाव वडखळच्या पश्चिमेला, खाडीला लागून. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीच्या कडेने मातीचा उंच बांध, बांधाच्या आत भाताची शेतं, आणि शेतांमधून पाणी काढून देणारे चर. शाळेत जायचं तर हे चर ओलांडावे लागत. त्यांच्यावर ओंडके टाकलेले असायचे, पण ओंडका हलतो. हलणाऱ्या ओंडक्यावरून जाण्यापेक्षा मला उडी परवडायची. चरात काळा चिखल, चिखलात खेकडे, काट्याचे मासे, कधी एखादं लांबडं (सापाचं नाव आम्ही घेत नाही) वळवळताना दिसायचं, आणि त्याच्याही खाली काय असेल ते देवाला ठाऊक. म्हणून मी उडी मारली की पाय पोटाशी घ्यायचे. पलीकडची सुकी माती खाली आल्याशिवाय ते सोडायचेच नाहीत. बाकीच्या मुली हसायच्या. एक जण म्हणायची, “ही बग, बेडकी चालली.” मी बेडकी तर बेडकी, पण माझे पाय कोरडे असायचे.

वडील मी शाळेत असतानाच गेले. घरात आई आणि मी. आई भाताची शेती करते आणि भात निघालं की त्याच जमिनीत वाल पेरते. तीही भित्री, पण तिची भीती माझ्यासारखी सैरावैरा पळणारी नाही. ती एका जागी बसून भिते. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसायची, डॉक्टरने काही नाही म्हटलं तरी बसायची. मी तालुक्याला पहिली आले, जिल्ह्याला पहिली आले, पण ती एकदाही बघायला आली नाही. “तू हवेत असतेस तवा मला बघवत नाय,” म्हणायची. परत आले की आधी माझे गुडघे बघायची, मग पदक.

पुढे मला रोह्याजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला नोकरी लागली. शिफ्टचं काम. वरसे गावात खोली घेतली. रोह्याच्या मैदानावर एक निवृत्त पीटीचे सर यायचे, अष्टमी गावाहून पूल ओलांडून, जुन्या स्कूटरवर. माझी पहिलीच उडी बघून ते खड्ड्याशी आले आणि बराच वेळ रेतीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, काहीतरी मोडलं मी.

“हे कोणी शिकवलं तुला?”

“काय सर?”

“पाय वर ठेवायचं. तुझे पाय खाली यायलाच तयार नाहीत. पोरी वर्षानुवर्षं घासतात आणि त्यांना हे जमत नाही.”

चर, खेकडे आणि लांबडी यांच्याबद्दल त्यांना कसं सांगणार? मी म्हटलं, “आपोआप येतं.” त्यानंतर ते माझे सर झाले. माणूस तोंडाने फटकळ. एका मुलीचे वडील पेढे घेऊन आले होते, तर त्यांना पेढा हातात घेऊनच सांगितलं, “हिचं पुढे काही होणार नाही, हिला दुसऱ्या खेळात घाला.” पेढा मात्र खाल्ला. मला त्यांची भीती वाटायची, पण ते माझ्या उडीबद्दल जे म्हणतील ते खरंच असणार हा त्या भीतीतला मोठा आधार होता.

त्यांनीच मला ती एस्टोनियाची मुलगी दाखवली. त्यांच्या मोबाईलवर परदेशातल्या स्पर्धांचे व्हिडिओ भरलेले असत. ही मुलगी माझ्यासारखीच शंभर मीटर धावायची आणि लांब उडीही मारायची. तिचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही, म्हणून मी तिला मनात “ती” एवढंच म्हणायचे. सरांना तिची धाव दाखवायची होती, शेवटच्या पावलांना ती वेग कसा सोडत नाही ते. मी बघत होते तिचं तोंड. उडीआधी तिने तळवे मांड्यांना पुसले, ओठ आत घेतला, आणि डोळे असे केले, जसे मी लिफ्टचं दार बंद होताना करते.

“सर, ही भ्यालीय.”

“तुला सगळीकडे तेच दिसतं,” सर म्हणाले आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

पण मला ती सापडली ती सापडलीच. शिफ्ट सुटल्यावर खोलीवर पडल्या पडल्या मी तिला शोधायचे. कुठल्या स्पर्धेत कितवी आली, उडी फाऊल गेली का, धावायला उतरली का. मध्ये एक आख्खा हंगाम तिचं नाव कुठेच दिसेना. मी इतकी कासावीस झाले की कंपनीतल्या मैत्रिणीने विचारलं, घरी कोणी आजारी आहे का? पुढच्या वर्षी ती परत आली, गुडघ्याला पट्टी, केस कापलेले. तिच्या देशात हिवाळ्यात मैदानावर बर्फ असतो, म्हणून छपराखाली उड्या मारतात. तिथे साप असतात का, हेही मी शोधून काढलं. असतात. विषारीही असतात. का कोण जाणे, पण मला बरं वाटलं.

या सगळ्यात मला हवी होती एकच गोष्ट, आणि ती मी कोणाला मोठ्याने सांगत नसे. पाठीवर महाराष्ट्र लिहिलेला बनियन घालून एकदा मैदानात उतरायचं. एकदाच. राज्याच्या संघात निवड झाली की तो मिळतो. दोनदा मी थोडक्यात राहिले होते. आता तिशी जवळ आली होती, आणि सरांनी त्यांच्या पद्धतीने सांगून टाकलं होतं, “यंदा झालं तर झालं. पुढच्या वर्षी तुला सांगायला मी खोटं कशाला बोलू?” उड्या चांगल्या पडत होत्या. सरांच्या टेपवर निवडीला लागेल तेवढं अंतर येत होतं. फक्त तसंच चालू ठेवायचं होतं.

आणि दिवाळीनंतर रोह्याचं मैदान दुरुस्तीसाठी बंद झालं. उडीच्या खड्ड्यावर खडीचा ढीग येऊन पडला. त्यातच सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांना स्कूटर बंद, धूळ बंद, ऊन बंद. मी साठलेली रजा काढली आणि गावी आले. निवड हिवाळ्यातच होती. धावायला बांध होताच. खड्डा तेवढा हवा होता.

आमच्या गावाने माझ्यासाठी खड्डा खणला, हे सांगताना आजही मला भरून येतं. भात कापून झालं होतं, शेत मोकळं होतं. घरामागच्या तुकड्यात चार घरची माणसं पहारी घेऊन आली. हिवाळ्यात आमची माती दगड होते, तरी खणली. खड्डा थोडा आखूड झाला, कारण पुढे बांध आला. पण रेती कुठून आणायची? खाडीतली रेती काढायला बंदी, विकतची कुठून येईल त्याचा पत्ता नाही. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, तूस टाकू. भातगिरणीच्या मागे तुसाचे डोंगर पडलेले असतात. पोती भरभरून तूस आलं. खड्डा काठोकाठ भरला, अलीकडे उडीसाठी पाय द्यायला एक फळी पुरली. एक म्हातारेबुवा त्यात पाठीवर पडून म्हणाले, “गादी केली गो तुला. अशी गादी मुंबईतबी नसंल.”

तुसात भाताचे दाणे राहतात, दाण्यांना उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागे कोण येतं, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. घराजवळ तूस साठवू नये हे प्रत्येक बाईला ठाऊक. पण हा खड्डा खेळाचा, म्हटल्यावर ते कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही हे विशेष, कारण माझ्या मनात नको ते सगळं सतत येत असतं.

सुरुवातीचे काही दिवस मजेत गेले. तुसात उडी मांडीपर्यंत रुतायची, अंतर कळायचंच नाही, पण लागायचं नाही. एका सकाळी मी उडी मारली. पाय पोटाशी होते, खाली तूस होतं, आणि ते तूस हललं. वारा नव्हता. तुसातून तपकिरी, नक्षीचं काहीतरी वर आलं आणि त्याने अंगाची वेटोळी घातली. फुरसं. मी हवेत होते. हवेत असताना माणसाला मागे फिरता येत नाही, बाजूला होता येत नाही, काहीही करता येत नाही. ही गोष्ट मला इतकी वर्षं उड्या मारून त्या क्षणी पहिल्यांदा समजली. फुरसं अंगाला अंग घासतं त्याचा आवाज होतो, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. तो आवाज ऐकत मी खाली आले.

मी त्याच्या बाजूला पडले. त्याने तोंड मारलं ते तुसावर. मी कशी बाहेर आले ते मला आठवत नाही. मला थेट आठवतं ते आमचं अंगण, आईच्या हातातलं सूप खाली पडलेलं, आणि ती माझे पाय चाचपतेय, बोटं, घोटे, पोटऱ्या, पुन्हा बोटं. “चावलं नाय ना? चावलं नाय ना?” तिचा आवाज मला अनोळखी वाटत होता. शेजारच्या काकांनी लांब काठीवर घेऊन फुरसं दूर खाडीकडे नेऊन सोडलं.

त्यानंतर मला उडी मारता येईना. धावायला यायचं. उलट अधिकच वेगाने यायचं. पण फळी जवळ आली की पाय असे थिजायचे की मी तोंडावर पडायची बाकी राहायचे. तूस काढून टाका म्हटलं, काढलं, जाळलं, तरी तेच. रिकामा खड्डा, तळ दिसतोय, मुंगीसुद्धा नाही, आणि मी फळीवर उभी, घामाने निथळलेली. फोनवर सर म्हणाले, “पोरी, तुझ्या भीतीवर तर तू उडत होतीस.” मी म्हटलं, “सर, ती थोडी होती. आता फार झाली.” निवड जवळ येत होती. मला अन्न जाईना.

आईने तिला येत होते ते सगळे उपाय केले. आमच्याकडे माणूस भ्याला की विळा चुलीत लाल करून पाण्यात विझवतात आणि ते पाणी त्याला पाजतात. पाणी चर्र करून उकळलं, मी दचकले, तांब्या निम्मा सांडला. उरलेलं प्यायले. लोखंडाची चव दिवसभर जिभेवर राहिली. मग ग्रामदेवीचा अंगारा लावला. मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मी सगळं मुकाट्याने करून घेतलं, कारण तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवत नव्हतं. संध्याकाळी फळीपर्यंत धावत गेले आणि थांबले.

मग तिने स्वतःच्या डोक्याने काहीतरी करायचं ठरवलं. गावात एकाचं घर बांधायचं चाललं होतं, तिथून ती घमेल्याघमेल्याने उरलेली रेती मागून आणू लागली. वाल चाळायच्या चाळणीने तिने ती सगळी रेती चाळली. शिंपल्याचा तुकडा, काच, खडा, काही ठेवलं नाही. खड्डा भरला. मग एक काठी घेऊन आत उतरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेती भोसकत गेली. “बग. काय नाय.” मी धावले आणि थांबले. घरात गेली, गोणपाट घेऊन आली, आणि खड्ड्याच्या पलीकडच्या टोकाला, रेतीतच, ते पसरून बसली. काठी मांडीवर आडवी. पदर खोचलेला.

“ये आता. मी हाय हितं. काय आलंच तर आधी मला चावंल.”

मी खरंच सांगते, फुरशाचं नाव काढलं तरी ती बाई पाय वर घेऊन बसते. चुलीमागे साधी पाल दिसली तरी ती मला हाक मारते. ती तिथे रेतीत पाय सोडून बसली होती, काठी इतकी घट्ट धरून की बोटं पांढरी पडली होती, आणि माझ्याकडे बघत होती. जिला माझी उडी आजवर बघवली नव्हती ती डोळे सताड उघडे ठेवून बघत होती. मी धावले. फळी आली. मी उडी मारली.

खाली आले ती तिच्यापुढे, हातभर अंतरावर. तिने माझे घोटे चाचपले, रेती झटकली आणि म्हणाली, “परत मार.”

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ आमचं हेच चाललं. ती आधी काठी मारायची, मग टोकाला बसायची, मग मी. हळूहळू माझे पाय फळीवर अडेनासे झाले. रात्री झोप लागू लागली. शेवटी शेवटी तर मी हसत हसत उडी मारायचे आणि ती समोर बसून, “ये गो बेडके,” म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा मी न भिता काहीतरी करत होते, तेही उडी. आम्ही दोघी इतक्या खुशीत होतो की मोजायचं कोणाला सुचलं नाही. टेप सरांकडे, रोह्याला. फोनवर सरांनी विचारलं, “उडी होतेय का?”

“होतेय सर. आता भीती वाटतच नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही.”

मग म्हणाले, “बरं. ये.”

निवड मुंबईला होती. ओळखीच्या एकाची गाडी ठरवली. सर काळा चष्मा लावून पुढे बसले, मी आणि आई मागे. आई माझ्या स्पर्धेला पहिल्यांदाच येत होती. सोबत तिने काठी घेतली होती, आणि घरी हिच्या उडीला मी रोज खड्ड्याशी असते, असं तिने सरांना सांगून टाकलं. दारावरच्या पहारेकऱ्याने काठी काढून ठेवायला लावली, तेव्हा तिने त्याला विचारलं, “आतली रेती कोणी बगितली काय?” तो म्हणाला, “मावशी, सगळं बघितलेलं असतं.” तिचा विश्वास बसला नाही. जाळीच्या बाहेरून ती खड्ड्याकडे टक लावून उभी राहिली.

मी धावपट्टीच्या टोकाला उभी होते. आजूबाजूच्या मुली हात झटकत होत्या, एकीला कोरडी उमासी येत होती. मला काही होत नव्हतं. तळवे कोरडे. श्वास संथ. मला एकदम ती एस्टोनियाची मुलगी आठवली, तिचा आत घेतलेला ओठ. आणि कसलीशी शंका मनाला चाटून गेली, पण तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

पहिली उडी. फळीवर पाय बरोबर पडला. पांढरा झेंडा, म्हणजे फाऊल नाही. मी रेतीतून उठले, तेव्हाच टेप धरणाऱ्या माणसाने तो ज्या ठिकाणी टेकवला ते बघून मला वाटलं, दुसऱ्या कोणाची खूण मोजतोय. अंतर पुकारलं. शाळेत असताना मी याहून लांब मारत होते.

दुसरी तशीच. सर जाळीला नाक लावून ओरडले, “पाय टाकतेयस! आधीच पाय टाकतेयस! धरून ठेव!”

धरून ठेव. ते काय मी हाताने धरत होते? ते आपोआप यायचं. आठ जणींनाच पुढच्या उड्या मिळणार होत्या आणि माझं नाव त्या आठांत नव्हतं. एक उडी राहिली होती. सगळा जीव एकवटून मी धावले. वेग चांगला होता, फळी चांगली लागली, वर गेले. आणि हवेत मला समोर आई दिसली. म्हणजे ती तिथे नव्हती, ती जाळीपाशी होती, समोर नुसती विंचरलेली रेती होती. पण माझ्या पायांना ती दिसत होती, गोणपाटावर, काठी मांडीवर घेऊन. तिला लाथ लागू नये म्हणून माझे पाय तिच्या अलीकडे हातभर खाली आले. एवढे दिवस सकाळ-संध्याकाळ ते हेच शिकले होते.

मी रेतीत बसून राहिले. पंचांनी दोनदा उठायला सांगितलं.

बाहेर आल्यावर सरांनी आईला पाणी आणायला पाठवलं आणि मला बाजूला घेतलं. “गावचा खड्डा केवढा होता?”

“आखूड होता सर.”

“आणि आई कुठे उभी राहायची?”

“उभी नाही. बसायची. टोकाला.”

त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं, तरी डोळ्याला हात लावला आणि चोळत राहिले. तेवढ्यात आई पाण्याची बाटली घेऊन आली.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. माझी आई वाचत नाही, म्हणूनच मी हे लिहू शकतेय. आमच्या गावातल्या कोणाच्या हातात हे पडलं तर हात जोडून सांगते, तिला वाचून दाखवू नका.

परतीच्या वाटेवर मी रडत होते. आईने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. तिला माझ्या हरण्याचं वाईट वाटत होतं, पण तिच्या हाताला ते फारसं कळत नव्हतं. हात शांत होता. लेक धडधाकट परत चालली होती आणि लेकीची भीती गेली होती, एवढं तिला पुरेसं होतं. पेण मागे पडलं, तेव्हा ती पुढे वाकली.

“सर, घरी एवढी चांगली उडायची. मी रोज बगत होते. हितं काय झालं हो तिला?”

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. फुरशाच्या वर हवेत होते तेव्हाही मी इतकी भ्याले नव्हते. सरांना विचारलं की सर सांगतात. मी त्यांना दुसरं काही करताना बघितलंच नव्हतं. आता ते सांगतील, आणि ही बाई ऐकेल, आणि मग जन्मभर एका जागी बसून राहील. मी उठून बसले. आरशात सरांचा काळा चष्मा दिसत होता, डोळे दिसत नव्हते. मी मान हलवली, त्यांना दिसली की नाही कोण जाणे.

सर मागे वळले. “फळी निसरडी होती, वहिनी.”

“फळी?”

“पाय द्यायची फळी. ओली होती. हिचा पाय घसरत होता.”

आई मागे टेकली. मग तिने त्या फळीला, फळी ठेवणाऱ्याला, आणि सगळं बघितलेलं असतं म्हणणाऱ्या त्या पहारेकऱ्याला शिव्या द्यायला सुरुवात केली, ती वडखळचा फाटा आला तरी थांबेना. सर समोर बघत होते. मी तिचा हात दोन्ही हातांत धरून बसले होते.

“मला आत सोडलं असतं ना,” ती म्हणाली, “तर तुझ्या परत्येक उडीआधी मी ती फळी पदरानं पुसून दिली असती गो.”

मी म्हटलं, “व्हय आई.”